हाडाच्या ऑपरेशनआधीचं अँटिबायोटिक आणि 'पेनिसिलीन ॲलर्जी'ची लाल ओळ: क्रमवार काय करायचं

सकाळचे साडेनऊ. गुडघा बदलायची केस. पेशंट टेबलवर, पाठीतून भूल दिलेली, सर्जन हात धुताहेत. ब्रदर अँटिबायोटिकची वायल फोडायला घेतात आणि फाईलच्या पहिल्या पानावर लाल पेनानं लिहिलेलं दिसतं: 'पेनिसिलीन ॲलर्जी'. वायल परत ट्रेमध्ये. खालच्या मेडिकलमधून व्हँकोमायसिन मागवलं जातं. ते तासभर चालवायचं असतं, पण आता तास कुणाकडे आहे? वीस मिनिटांत सोडलं जातं. पेशंटची मान-छाती लालभडक होते, खाज सुटते, प्रेशर उतरतं आणि फाईलवर दुसरी लाल ओळ चढते: 'व्हँकोमायसिन ॲलर्जी'.

भूल देण्याच्या कामात हा प्रसंग मी थोड्याफार फरकानं बऱ्याच वेळा पाहिला आहे, आणि सुरुवातीच्या काळात त्यात सामीलही होते. चूक दरवेळी तीच. जो प्रश्न पंधरा दिवस आधी विचारायला हवा होता, तो टेबलवर विचारला गेला.

हा लेख कोल्हापुरातल्या आणि आसपासच्या लहान-मध्यम हाडांच्या हॉस्पिटलांतले आरएमओ, सिस्टर, ब्रदर आणि ओटी टेक्निशियन यांच्यासाठी आहे. नातेवाइकांनी वाचला तर पहिले दोन टप्पे त्यांच्याही कामाचे. कोणतं औषध द्यायचं हे सर्जन आणि भूलतज्ज्ञ ठरवतात. पण ज्या माहितीवर ठरवतात ती तुम्ही गोळा करता, म्हणून क्रम तुमच्यापासून सुरू होतो.

टप्पा १: ऑपरेशनची तारीख देताना विचारा, ॲडमिट करताना नव्हे

सांधा बदलणं, जुना रॉड काढणं, पाठीच्या मणक्याचं काम ही ठरवून केलेली ऑपरेशनं. ऊसाचं बिल आलं, सुगी संपली, मुलगा पुण्याहून सुट्टी काढून आला, असं सगळं जुळवून लोक तारीख घेतात. म्हणजे हातात आठ-पंधरा दिवस असतात. रक्त, ईसीजी, एक्स-रे यांची यादी देता त्याच कागदावर आणखी एक ओळ लिहा: 'औषधाची रिॲक्शन आली असेल तर जुने कागद घेऊन या.'

काय आणायला सांगायचं:

जुनी फाईल, डिस्चार्ज कार्ड, दाताच्या डॉक्टरांची चिठ्ठी, घरात पडलेल्या गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या. पट्टी फाटली असेल तर मोबाईलवर फोटो. चंदगड-आजऱ्याकडून किंवा निपाणी-चिकोडीकडून आलेला पेशंट कागद घरी ठेवून येतो आणि मग ते आणायला कुणी जात नाही, त्यामुळे पहिल्याच भेटीत हे सांगायला हवं. कागद कानडीत असेल तरी आणू द्या, औषधाचं नाव बहुधा इंग्रजीतच असतं.

गावातल्या दवाखान्यात पुडीत बांधून मिळालेल्या गोळ्यांचं नाव कुणालाच माहीत नसतं. अशा वेळी नाव शोधत बसू नका. 'कशासाठी घेतलं होतं' हे लिहा. घसा, दाढ, जखम, ताप, टायफॉईड, संधिवाताचं महिन्याचं इंजेक्शन. त्यावरून अंदाज येतो.

> तपासा: प्री-ॲनेस्थेशिया तपासणीला पेशंट येईल तेव्हा ॲलर्जीचा रकाना 'आहे / नाही' एवढ्यावर थांबलाय का? थांबला असेल तर टप्पा २ झालेला नाही.

टप्पा २: 'ॲलर्जी आहे का?' हा प्रश्न सोडा, 'झालं काय होतं?' विचारा

या एका टप्प्यावर बाकीचे सगळे उभे आहेत, म्हणून इथे वेळ घ्या. दहा मिनिटं लागतात.

आपल्याकडे 'ॲलर्जी' हा शब्द लोक कशालाही वापरतात. औषध 'उष्ण पडलं', 'सोसत नाही', 'तोंड आलं', 'पोट बिघडलं', 'गरगरलं', 'अंगावर गांधी उठल्या', 'तोंड सुजलं', 'जीव गुदमरला'. यातल्या पहिल्या पाचांचा बहुतेक वेळा ॲलर्जीशी संबंध नसतो. शेवटच्या तिघांचा असू शकतो. एका कॉलममध्ये सगळ्यांना 'ॲलर्जी' लिहिलं की फरक पुसला जातो.

संवाद साधारण असा चालतो:

"आज्जी, पेनिसिलीनचं काय झालं होतं तुम्हाला?"
"सोसत न्हाई बाळा मला."
"म्हणजे अंगावर काही उठलं होतं?"
"उठलं काय न्हाई. चार दिस जुलाब लागले. डॉक्टर म्हणाले, परत घेऊ नगा."

ही ॲलर्जी नाही, अँटिबायोटिकनं पोट बिघडणं आहे. फाईलवरची लाल ओळ इथेच काढता येते.

आणि एक घोळ फार वेळा होतो: पेनकिलर आणि पेनिसिलीन. 'पेन'नं सुरू होणारं काहीतरी, एवढंच पेशंटला आठवतं. डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन घेतल्यावर गांधी उठलेला माणूस पुढे आयुष्यभर 'पेनिसिलीन ॲलर्जी' सांगत फिरतो. सल्फाच्या गोळ्यांबाबतही असाच घोळ होतो. म्हणून नाव विचारल्यावर दुखण्यासाठी होतं की इन्फेक्शनसाठी, हे लगेच विचारा.

विचारायचे प्रश्न, या क्रमानं:

1. कोणतं औषध, गोळी की इंजेक्शन, कशासाठी?
2. घेतल्यावर किती वेळानं त्रास सुरू झाला? मिनिटांत, तासाभरात, की तिसऱ्या-चौथ्या दिवशी?
3. नेमकं काय झालं? गांधी, ओठ-डोळे-घसा सुजणं, श्वास लागणं, बेशुद्ध पडणं, की फक्त पुरळ?
4. कातडी सुटली का? तोंडात, डोळ्यांत, लघवीच्या जागी सोललं का? कावीळ, लघवी कमी होणं, सांधे सुजणं, ताप?
5. उपचार काय करावे लागले? इंजेक्शन देऊन घरी सोडलं, की ॲडमिट, आयसीयू?
6. किती वर्षांपूर्वी?
7. त्यानंतर ऑगमेंटिन, मॉक्स, नोवामॉक्स यांपैकी काही घेतलंय का? दाढ काढताना, लघवीच्या इन्फेक्शनला? झिफी, मोनोसेफ, टॅक्सिम?

सातवा प्रश्न सगळ्यांत कमी विचारला जातो. दाढ काढली त्या वेळी दंतवैद्यानं अमॉक्सिसिलीन दिलेलं असतं आणि पेशंटनं ते काही न होता पाच दिवस घेतलेलं असतं. असं असेल तर पेनिसिलीनची ॲलर्जी आता नाही, हे त्या पाच दिवसांनी सिद्ध केलेलं असतं. मोनोसेफ किंवा टॅक्सिम सोसलंय ही माहिती धीर देणारी आहे, पण ही औषधं सेफालोस्पोरिन या पेनिसिलीनच्या नात्यातल्या दुसऱ्या गटातली, आणि त्यातल्या प्रत्येकाचा स्वभाव वेगळा असल्यामुळे ती वेगळी लिहा.

'आईला होती', 'भावाला होती' हे पेशंटची ॲलर्जी म्हणून धरायचं नाही.

> सावध: लहानपणी घशाच्या तापात अमॉक्सिसिलीन किंवा अँपिसिलीन घेतल्यावर अंगभर आलेलं पुरळ अनेकदा त्या विषाणूमुळेच असतं. ते 'वय, दिवस, पुरळाचा प्रकार' असं लिहा. 'रिॲक्शन' एवढाच शब्द लिहू नका.

टप्पा ३: चार गठ्ठे करा

उत्तरं मिळाल्यावर पेशंट चारपैकी एका गठ्ठ्यात बसतो.

अ. ॲलर्जी नाहीच. जुलाब, मळमळ, तोंड येणं, डोकं दुखणं, नातेवाइकाची ॲलर्जी, पेनकिलरचा घोळ, किंवा नंतर पेनिसिलीन गटातलं औषध सुखरूप घेतलेलं.

ब. हलकी किंवा जुनी. फक्त पुरळ किंवा खाज, तीही काही तासांनी-दिवसांनी. किंवा दहा-वीस वर्षांपूर्वीची अस्पष्ट आठवण.

क. तातडीची आणि गंभीर. औषध घेतल्यावर तासाभरात गांधी, चेहरा-घसा सुजणं, श्वास, बेशुद्धी.

ड. उशिरानं आलेली, जीवघेणी. कातडी सोलणारी रिॲक्शन (स्टीव्हन्स-जॉन्सन, टॉक्सिक एपिडर्मल नेक्रोलिसिस), ताप-पुरळ-लिव्हर बिघडलेला ड्रेस सिंड्रोम, औषधामुळे रक्तपेशी फुटणं, मूत्रपिंडाला किंवा लिव्हरला सूज, सीरम सिकनेस.

बहुसंख्य लोक अ आणि ब मध्ये येतात. पाश्चात्त्य देशांत साधारण दहापैकी एक माणूस पेनिसिलीनची ॲलर्जी सांगतो, आणि नीट तपासल्यावर त्यांतल्या ९० टक्क्यांहून जास्त जणांना ती नसते. खरी तातडीची ॲलर्जीही कायम राहत नाही. दहा वर्षांनी सुमारे ८० टक्के लोकांत ती गेलेली असते.

धोका अंकांत मोजायचा असेल तर 'पेन-फास्ट' नावाची सोपी गुणांची पद्धत आहे, २०२० साली प्रसिद्ध झालेली. रिॲक्शन पाच वर्षांच्या आतली असेल तर २ गुण. ॲनाफिलॅक्सिस (तातडीची, जीवघेणी ॲलर्जी), चेहरा-घसा सुजणं किंवा कातडीची गंभीर रिॲक्शन असेल तर २. त्यासाठी उपचार लागले असतील तर १. बेरीज ३ पेक्षा कमी आली तर खरी ॲलर्जी निघण्याची शक्यता ५ टक्क्यांच्या खाली. कधी झालं किंवा उपचार काय केले हे माहीत नसेल तर त्या रकान्याचे पूर्ण गुण धरा.

> तपासा: केसपेपरवर गठ्ठ्याचं अक्षर आणि त्याचं एका ओळीत कारण लिहिलंय का? 'ब, २००४, अमॉक्सिसिलीन, तिसऱ्या दिवशी पुरळ, घरीच बरं' इतकं पुरे. कारण नसलेलं अक्षर ओटीत कुणी मानणार नाही, आणि मानूही नये.

टप्पा ४: औषध ठरवणं

हाडाच्या ऑपरेशनला पहिल्या पसंतीचं औषध सेफाझोलिन, सेफालोस्पोरिन गटातलं. जखमेत शिरून रॉड, प्लेट, कृत्रिम सांध्यावर बसणाऱ्या स्टॅफिलोकॉकस जंतूंवर ते चांगलं चालतं, लवकर पोहोचतं, स्वस्त आहे आणि तीन-पाच मिनिटांत शिरेतून देता येतं.

मग पेनिसिलीनच्या ॲलर्जीवाल्याला ते द्यायला हात का थांबतो? 'पेनिसिलीनवाल्यांपैकी दहा टक्क्यांना सेफालोस्पोरिन उलटतं' हा जुना आकडा सगळ्यांच्या डोक्यात बसलाय. तो सुरुवातीच्या काळातल्या औषधांवरून आला, ज्यांत पेनिसिलीनचा अंश मिसळलेला असायचा. ही ॲलर्जी बहुतेक वेळा रेणूच्या बाजूच्या साखळीला ओळखते, आणि सेफाझोलिनची ती साखळी कुठल्याच पेनिसिलीनशी जुळत नाही. पेनिसिलीन ॲलर्जी सांगणाऱ्यांत सेफाझोलिनची रिॲक्शन येण्याचं प्रमाण शंभरात एकाहूनही कमी आहे. अमेरिकेतल्या ॲलर्जीतज्ज्ञांच्या २०२२ च्या मार्गदर्शनानुसार पेनिसिलीननं ॲनाफिलॅक्सिस झालेल्यालाही, साखळी न जुळणारं सेफाझोलिन आधी टेस्ट न करता देता येतं. औषधाच्या खोक्यातल्या कागदावर मात्र जुना इशारा छापलेला असतो. वकिलाच्या भीतीनं तो कागद पुढे करणारे पुष्कळ भेटतात. त्यांना २०२२ चं हे मार्गदर्शन दाखवा आणि निर्णय लेखी घ्या.

साखळी कुठे जुळते तेही माहीत हवं: अमॉक्सिसिलीन-अँपिसिलीनशी सेफॅलेक्सिन, सेफॅड्रॉक्सिल, सेफॅक्लोर यांची. म्हणून अमॉक्सिसिलीननं गंभीर रिॲक्शन आलेल्याला डिस्चार्जच्या वेळी सवयीनं सेफॅड्रॉक्सिलच्या गोळ्या लिहू नका. नाव 'सेफ'नं सुरू होतं म्हणून सगळी सारखी नाहीत, दोन्ही बाजूंनी.

गठ्ठ्यानुसार:

अ आणि ब: सेफाझोलिन, नेहमीसारखं. तुमच्याकडे सेफ्युरॉक्झिम वापरत असतील तर तेही चालतं.

क: सेफाझोलिन चालतं, पण ठरवायचं भूलतज्ज्ञांनी, आदल्या दिवशी. लेखी.

ड: बीटा-लॅक्टम गटातलं (पेनिसिलीन, सेफालोस्पोरिन आणि त्यांच्या नात्यातलं) काहीच नाही. व्हँकोमायसिन, किंवा डॉक्टरांच्या सल्ल्यानं इतर.

आणि पेनिसिलीन कुठलंही असो, खुद्द सेफाझोलिनचीच रिॲक्शन आली असेल तर ते द्यायचं नाही. हे इतकं उघड आहे की विचारायचं राहून जातं.

'दुसरं औषध दिलं तर काय बिघडलं, सुरक्षित तरी आहे' असं म्हणाल, तर तसं नाही. बोस्टनच्या एका मोठ्या रुग्णालयातल्या ८,३८५ पेशंटांच्या नोंदी २०१८ साली प्रसिद्ध झाल्या, त्यांत गुडघा आणि खुबा बदलण्याची ऑपरेशनंही होती. फाईलवर पेनिसिलीन ॲलर्जी असलेल्यांत जखमेच्या इन्फेक्शनची शक्यता सुमारे ५० टक्के जास्त निघाली. कारण ॲलर्जी नव्हतं, तिच्यामुळे दिलं गेलेलं दुय्यम औषध होतं. सुरक्षिततेचंही तसंच. ब्रिटनच्या भूलतज्ज्ञांच्या २०१८ सालच्या पाहणीत टायकोप्लॅनिनच्या (व्हँकोमायसिनच्या जातीचं औषध) तीव्र रिॲक्शनचं प्रमाण लाखात सुमारे १६ होतं, तर को-अमॉक्सिक्लॅव्हचं (म्हणजे ऑगमेंटिन) सुमारे ९. पेनिसिलीन टाळायला म्हणून आणलेलं औषधच जास्त उलटत होतं.

टप्पा ५: हातावरची टेस्ट

हा भाग वाचून काहीजण नाराज होतील. वॉर्डात कुठलंही अँटिबायोटिक देण्याआधी हाताच्या कातडीत थोडंसं टोचून, पेनानं गोल काढून पंधरा मिनिटांनी बघायची आपली पद्धत आहे. फाईलवर 'टेस्ट डोस निगेटिव्ह' लिहिलं की सगळ्यांना हायसं वाटतं.

त्या गोलाला फारसा अर्थ नाही. औषध पातळ न करता टोचलं तर ते कातडीला नुसतंच चुरचुरतं आणि लाल होतं, मग ॲलर्जी नसलेला माणूस 'पॉझिटिव्ह' ठरतो. याच मार्गानं नवीन लाल ओळी जन्मतात. उलट बाजूनं, गोल कोरा राहिला म्हणून पूर्ण डोसला रिॲक्शन येणार नाही अशी खात्री मिळत नाही. आणि ज्याला खरीच तीव्र ॲलर्जी आहे त्याला तेवढ्या थेंबानंही होऊ शकतं, तेही अशा जागी जिथे ॲड्रेनालिन हाताशी नाही.

हॉस्पिटलचा नियमच असेल आणि करावीच लागत असेल, तर इतकं पाळा: औषध योग्य प्रमाणात पातळ केलेलं, शेजारी नुसत्या सलाईनचा दुसरा ठिपका, आणि गेल्या काही दिवसांत सेट्रिझिन, ॲव्हिल घेतलंय का याची चौकशी. ॲव्हिल घेतलेल्याचा हात कोराच राहणार.

ज्यांना लेबल खरोखर काढायचं आहे त्यांच्यासाठी (गठ्ठा ब, ऑपरेशन लांबणीवर) तोंडावाटे अमॉक्सिसिलीनचा एक डोस डॉक्टरांच्या देखरेखीखाली देऊन तासभर बघणं, हा जास्त उपयोगाचा मार्ग आहे. हे घरी करायचं नाही, मेडिकलमधून गोळी आणून तर नाहीच.

टप्पा ६: वजन, डोस, घड्याळ

वजन काट्यावर. 'साठच्या आसपास असतील बघा' हे चालत नाही. पाय मोडलाय म्हणून उभं राहता येत नसेल तर व्हीलचेअरसकट वजन करून खुर्चीचं वजा करा.

*सेफाझोलिन:* मोठ्या माणसाला २ ग्रॅम, वजन १२० किलो किंवा जास्त असेल तर ३ ग्रॅम. चीर देण्याआधीच्या ६० मिनिटांत, शिरेतून सावकाश. टूर्निकेट (मांडीवरचा, रक्त अडवणारा पट्टा) फुगवण्याआधी पूर्ण आत गेलेलं हवं. फुगवल्यावर दिलेलं औषध गुडघ्याखाली पोहोचत नाही, आणि ही चूक आपल्याकडे रोज कुठेतरी होते. ऑपरेशन लांबलं तर पहिल्या डोसपासून ४ तासांनी पुन्हा एक डोस. चार तास मोजायचे ते पहिला डोस दिल्यापासून, चीर दिल्यापासून नव्हे. रक्तस्राव दीड लिटरच्या पुढे गेला तर त्याआधीही.

*व्हँकोमायसिन:* किलोला १५ मिलिग्रॅम. 'एक ग्रॅम सगळ्यांना' हा आपला शॉर्टकट, आणि जाड पेशंटाला तो कमी पडतो. ८० किलोचा पेशंट धरा: १,२०० मिलिग्रॅम, म्हणजे साधारण सव्वा ग्रॅम. २५० मिलि सलाईनमध्ये. एक ग्रॅमला निदान एक तास, म्हणजे सव्वा ग्रॅमला ७५ मिनिटं. २० थेंबांचा सेट असेल तर मिनिटाला साधारण ६५ थेंब. चीर दहा वाजता असेल तर सव्वा आठला वॉर्डातच सुरू करा. साडेनऊला बाटली संपते, पेशंट ओटीत जातो, टूर्निकेट नंतर. चीर देण्याआधी दोन तासांच्या आत सुरू झालेलं हवं, फार आधीही नको.

व्हँकोमायसिन वेगानं गेल्यावर येणारी लाली आणि खाज ही ॲलर्जी नव्हे, वेगाची शिक्षा आहे. थांबवा, प्रेशर बघा, डॉक्टरांना बोलवा. ठीक झाल्यावर निम्म्या वेगानं पुन्हा. फाईलवर 'जलद दिल्यामुळे' हा शब्द लिहायलाच हवा.

व्हँकोमायसिन किंवा क्लिंडामायसिन ग्रॅम-निगेटिव्ह जंतूंवर चालत नाही. जोडीला जेंटामायसिन द्यायचं का हे डॉक्टर ठरवतील, पण क्रिएटिनिनचा रिपोर्ट त्यांच्यासमोर ठेवणं तुमचं काम. क्लिंडामायसिन एकट्यानं सांध्यात कमी पडतं, म्हणून ते शेवटचा पर्याय.

> तपासा: दिलेल्या औषधाची वेळ भिंतीवरच्या घड्याळाप्रमाणे लिहा, मोबाईलप्रमाणे नको. दोन्हींत सात मिनिटांचा फरक असलेल्या ओटी मी पाहिल्यात.

> सावध: लिस्ट पुढे सरकली, वीज गेली, सर्जन दुसरीकडे अडकले. सेफाझोलिन देऊन तास उलटला आणि चीर पडली नाही, तर भूलतज्ज्ञांना सांगा. 'दिलंय की' म्हणून गप्प बसू नका.

उघडं फ्रॅक्चर असेल तर

वरची सगळी शिस्त ठरलेल्या ऑपरेशनची. शिरोली एमआयडीसीजवळ रात्री अकराला बाईक घसरून हाड बाहेर आलेला पोरगा येतो तेव्हा पंधरा दिवस नसतात. अँटिबायोटिक शक्य तितक्या लवकर, आल्यापासून तासाभरात जायला हवं. सात प्रश्नांपैकी तीन विचारा: झालं काय होतं, श्वास लागला किंवा बेशुद्ध पडलास का, कातडी सोलली होती का. शेवटच्या दोन्हींना 'नाही' असेल, किंवा सोबतच्या मित्राला काहीच ठाऊक नसेल, तर सेफाझोलिन थांबवू नका. शेतात, गटारात पडलेली किंवा मोठी चिरडलेली जखम असेल तर ग्रॅम-निगेटिव्हसाठी जोड लागते. धनुर्वाताचं इंजेक्शन विसरू नका. बाकी चौकशी सकाळी आई आल्यावर. आईला सगळं आठवत असतं.

टप्पा ७: ओटीत

चेकलिस्ट वाचताना ॲलर्जी मोठ्यानं सांगा, अक्षरासकट: "पेनिसिलीन, गठ्ठा ब, वीस वर्षांपूर्वीचं पुरळ, सेफाझोलिन देतोय." फक्त "ॲलर्जी आहे" म्हटलं की पुन्हा वायल ट्रेमध्ये जाते.

शक्य असेल तर अँटिबायोटिक पूर्ण भूल देण्याआधी, मॉनिटर लावल्यावर द्या. पेशंट जागा असतो, खाज सुटली तर सांगतो. त्याच क्षणी दुसरं औषध देऊ नका. दोन्ही एकत्र दिली आणि रिॲक्शन आली तर कुणामुळे हे कधीच कळत नाही. अँटिबायोटिकच्या बहुतेक तीव्र रिॲक्शन पहिल्या दहा मिनिटांत दिसतात, तेवढा वेळ नजर पेशंटवर. भूल दिलेल्या माणसात पुरळ आधी दिसेलच असं नाही, चादरीखाली असतं. प्रेशर पडणं किंवा फुप्फुसात हवा जाण्याला अडथळा, हेच पहिलं लक्षण असू शकतं.

ॲड्रेनालिन कपाटात कुलूपबंद नको, ट्रॉलीवर हवं. वॉर्डात किंवा रिकव्हरीत ॲनाफिलॅक्सिस झाला तर मोठ्या माणसाला मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत अर्धा मिलिग्रॅम, म्हणजे एक मिलिग्रॅमच्या अँप्युलमधलं अर्धा मिलि. पाय वर, ऑक्सिजन, सलाईन वेगानं. ॲव्हिल-डेकाड्रॉन आधी देऊन वाट बघत बसणं ही इथली सगळ्यांत महागडी सवय. शिरेतून ॲड्रेनालिन भूलतज्ज्ञ देतील, वेगळ्या, लहान डोसात. पेशंट सावरल्यावर एक-दोन तासांत ट्रिप्टेजसाठी रक्त काढून ठेवा, चोवीस तासांनी पुन्हा एकदा. खरी रिॲक्शन होती की नाही हे त्यावरून पुढे ठरवता येतं.

टप्पा ८: ऑपरेशननंतर

प्रतिबंधक अँटिबायोटिक चोवीस तासांच्या आत बंद. जागतिक आरोग्य संघटना तर ऑपरेशन संपल्यावर पुढे देऊच नका म्हणते. पाच दिवस इंजेक्शन आणि घरी जाताना दहा दिवस गोळ्या यांनी इन्फेक्शन कमी होत नाही, जुलाब आणि बिल मात्र वाढतं. नातेवाईक 'अँटिबायोटिक नाही दिलं?' म्हणून विचारतात. त्यांना समजावण्याचं काम बहुतेक वेळा सिस्टरच्या गळ्यात पडतं, तेव्हा डॉक्टरांनी आधीच सांगितलेलं बरं.

मग लेबल दुरुस्त करा. सेफाझोलिन दिलं, काही झालं नाही, ही मोलाची माहिती आहे आणि ती डिस्चार्ज कार्डवर गेली नाही तर वाया गेली. एक फरक ध्यानात ठेवा: सेफाझोलिन सोसलं म्हणजे पेनिसिलीन सोसेल असं नाही. गठ्ठा अ असेल तरच पेनिसिलीनची ओळ सरळ खोडा. ब-क साठी ओळ ठेवा, पण पूर्ण लिहा. हॉस्पिटलच्या कॉम्प्युटरवर जुनी नोंद राहिली तर पुढच्या गुडघ्याच्या वेळी तीच उगवते, म्हणून कागद आणि कॉम्प्युटर दोन्ही.

कार्डवर पेशंटच्या भाषेत, मोठ्या अक्षरांत:

'२००४ साली अमॉक्सिसिलीनच्या गोळ्यांनंतर तिसऱ्या दिवशी अंगावर पुरळ. श्वासाचा त्रास नाही, ॲडमिट नाही. या ऑपरेशनला सेफाझोलिन २ ग्रॅम दिलं, सकाळी ९.४०, त्रास नाही. हे कार्ड गावच्या डॉक्टरांना आणि दाताच्या डॉक्टरांना दाखवा.'

प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून द्या. आधार कार्डाच्या झेरॉक्सबरोबर ठेवायला सांगा, ती हरवत नाही.